यंत्र सुधारावे की बदलावे? कुलाब्याच्या टिफ्रॅकपासून बाळापूरच्या टेबलापर्यंत

धागा.

बाळापुरात मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर विटांचा जो उंच किल्ला उभा आहे, त्याचा आरंभ औरंगजेबपुत्र आझमशाहाच्या नावाशी जोडला जातो. तो पूर्ण केला एलिचपूरचा नवाब इस्माईल खान याने, १७५७ मध्ये. आझमशाह १७०७ सालीच लढाईत मारला गेला होता. म्हणजे आराखडा एका काळाचा आणि पूर्णत्व दुसऱ्याच काळाचे. मधल्या पन्नास वर्षांत साम्राज्याचे चित्र पार पालटले होते. जुनी चौकट आणि नवी गरज यांचा मेळ घालण्याचा हा खटाटोप आजचा नव्हे.

परंतु आजच्या धाग्याचा विषय किल्ला नाही. किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या एखाद्या तरुणाच्या टेबलाखाली धूळ खात, घरघरत चालणारा खेळांचा संगणक हा आहे. मित्रहो, दचकू नका. हा इतिहासाचाच धागा आहे.

प्रसंग तुमच्या ओळखीचा असेल. दहा-अकरा वर्षांपूर्वी जुळवून घेतलेले यंत्र. चौथ्या पिढीचा इंटेल कोअर आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर-थ्री रॅम, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क, जीटीएक्स ७५० टीआय ग्राफिक्स कार्ड. नवा खेळ उघडला की चित्र अडखळते, पंखा ओरडतो. खिशात थोडे पैसे आहेत. दुकानदार म्हणतो, ‘नवाच घ्या.’ मित्र म्हणतो, ‘नुसतं ग्राफिक्स कार्ड टाक, पळेल.’ घरचे विचारतात, ‘चालू आहे ना? मग बदलायचा कशाला?’ तिघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, म्हणूनच निर्णय अवघड होतो.

हाच प्रश्न महाराष्ट्रात गेल्या साठ-पासष्ट वर्षांत कितीतरी मोठ्या यंत्रांबाबत उभा राहिला आणि सुटला. कधी शहाणपणाने, कधी नाइलाजाने. ती उदाहरणे क्रमाने पाहिली तर ध्यानात येते की यंत्राचे वय हा मुद्दा जवळजवळ कधीच निर्णायक नव्हता. निर्णायक ठरल्या त्या दोन गोष्टी: जुन्यातले काय पुढे नेता येते, आणि पुढे जाण्याच्या वाटेवरचे फाटक कोणाच्या हाती आहे.

प्रारंभ मुंबईपासून करू.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात रंगास्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांचा एक गट स्वतःचा संगणक बांधावयास बसला. यापूर्वी असे यंत्र त्यांच्यापैकी कोणी बांधलेले नव्हते. १९५६ मध्ये प्रायोगिक यंत्र चालू झाले आणि १९६० मध्ये पूर्ण आकाराचे यंत्र कुलाब्यात कामास लागले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. स्मृती होती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. हिशेब केला तर ही स्मृती बरोबर १० किलोबाइट भरते. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे सुप्रभाताचे एक चित्रही तीत मावणार नाही. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी या यंत्राचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले.

आता खरी अडचण पाहा. टिफ्रॅकचे आराखडे आखले गेले तेव्हा निर्वात नळी हेच संगणकाचे हृदय होते. यंत्र पूर्ण होईतो जगात ट्रान्झिस्टरवर चालणारे संगणक विकावयास आले होते. आयबीएमचे ७०९० हे यंत्र १९५९ च्या अखेरीस ग्राहकांकडे पोचले. म्हणजे टिफ्रॅक जन्मतःच एका पिढीने मागे होते. यात त्या अभियंत्यांचा दोष नाही. मोठे यंत्र बांधावयास वर्षे लागतात आणि तेवढ्यात जग थांबून राहत नाही.

मग टिफ्रॅक सुधारता आले नसते का? स्मृती वाढविता आली असती, एखादे नवे साधन जोडता आले असते. परंतु नळ्यांच्या जागी ट्रान्झिस्टर बसविणे म्हणजे सुधारणा नव्हे. व्होल्टेज वेगळे, परिपथ वेगळे, उष्णतेचा हिशेब वेगळा. ते नवेच यंत्र झाले असते. १९६४ मध्ये संस्थेने कंट्रोल डेटा कंपनीचा सीडीसी ३६०० हा संगणक आणला. त्याची स्मृती ३२,७६८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४८ बिटांचा. टिफ्रॅकच्या जवळजवळ एकोणीसपट. शिवाय त्यावर फोरट्रान भाषेत आज्ञावली लिहिण्याची सोय होती. संशोधकाला यंत्राच्या आकड्यांच्या भाषेत डोके घालावे लागेना. देशभरातील संस्थांची कामे त्या यंत्राकडे येऊ लागली, आणि टिफ्रॅक निवृत्त झाले.

मग टिफ्रॅकमधून पुढे काय गेले? एक नळीही नव्हे. गेली ती माणसे. यंत्र बांधताना जो गट तयार झाला होता, त्यालाच सीडीसीची भाषा पहिल्या दिवसापासून समजत होती. सुटे भाग नेण्यासारखे नसले तरी कौशल्य नेता येते, याची ही पहिली नोंद.

दुसरे उदाहरणही मुंबईचेच, मात्र त्याची चव निराळी आहे. १९६१ मध्ये एस्सो या तेल कंपनीच्या मुंबई कार्यालयात आयबीएम १४०१ हा संगणक बसला. व्यापारी कामासाठी देशात आलेल्या पहिल्या संगणकांपैकी तो. हे यंत्र अमेरिकेत १९५९ मध्ये जाहीर झाले होते आणि हिशेब, वेतनपत्रके, मालाची नोंद अशा कामांसाठी जगभर हजारोंनी खपले. भारतात मात्र १४०१ बहुधा विकत मिळत नसे. ते भाड्याने मिळे. आणि भाड्याने मिळे ते पुष्कळदा नवे नसे. परदेशी ग्राहकांनी परत केलेली यंत्रे इकडे यावयाची, मुंबईत ती उघडून, पुसून, पुन्हा जुळवून येथील ग्राहकांना दिली जावयाची.

यात फसवणूक होती असे मी म्हणणार नाही. यंत्रे चालत होती, कंपनीचे अभियंते ती चोख ठेवीत, आणि त्या काळी आपल्या कार्यालयांची भूकही तेवढीच होती. पण सुधारायचे की बदलायचे हा निर्णय वापरणाऱ्याच्या हाती उरला नव्हता. यंत्र मालकीचे नसल्याने त्याचे झाकण उघडण्याचाही अधिकार नाही. १९६४ मध्ये आयबीएमने सिस्टिम ३६० ही नवी मालिका जाहीर केली, तीत १४०१ साठी लिहिलेल्या जुन्या आज्ञावली चालविण्याची सोय मुद्दाम ठेवली होती. ग्राहकाने वर्षानुवर्षे छिद्रपत्रांवर रचलेला संसार वाया जाऊ नये, यासाठीची ही तजवीज. परंतु भारतातील ग्राहक त्या पायरीवर कधी चढणार, हे ठरविणारे फाटक त्याच्याजवळ नव्हते. सरकारी समित्यांना ही गोष्ट सत्तरच्या दशकात खुपू लागली.

पुढे १९७३ चा परकीय चलन नियमन कायदा आला. त्यातील परकीय भागभांडवलाच्या मर्यादेची अट आयबीएमला मान्य झाली नाही आणि १९७८ मध्ये कंपनीने भारतातील व्यवसाय आवरला. मागे उरली देशभर विखुरलेली तिची जुनी यंत्रे. त्यांची देखभाल १९७५ च्या अखेरीस स्थापन झालेल्या ‘कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन’ या सरकारी कंपनीकडे, म्हणजे सीएमसीकडे आली. बनविणारा निघून गेला, सुटे भाग येण्याचा सरळ मार्ग बंद झाला, तरी यंत्रे चालवायची! आपल्याकडे ‘जुगाड’ या शब्दाचे फार कौतुक होते. मला त्या कौतुकाचा थोडा कंटाळा आहे. सीएमसीच्या अभियंत्यांनी जे केले ते जुगाड नव्हते, ती शिस्तबद्ध विद्या होती. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकाच माणसाने उघडून दुरुस्त करावी, ही त्या काळी जगातही नवी गोष्ट होती.

आता वऱ्हाडाकडे वळू; निदान वऱ्हाडच्या एका सुपुत्राकडे. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात मुरंबा नावाचे गाव आहे (होय, नाव खरेच तेच आहे). तेथे १९४६ मध्ये विजय भटकर यांचा जन्म झाला. नागपुरात अभियांत्रिकी, पुढे बडोदा आणि दिल्लीचे आयआयटी असे त्यांचे शिक्षण. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, तिची धुरा त्यांच्याकडे आली. अमेरिकेकडून महासंगणक मिळविताना आपल्याला किती अटी सोसाव्या लागल्या, ही कथा तुम्ही ऐकली असेलच. १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. ही कथा सहसा येथेच, टाळ्यांच्या कडकडाटात संपविली जाते. आपल्या विषयाच्या दृष्टीने ती येथून सुरू होते.

परम ८००० ज्या चिपवर उभा होता ती ट्रान्सप्युटर टी-८००, इनमॉस या ब्रिटिश कंपनीची. अनेक साध्या चिपा एकमेकींना जोडून मोठे गणित वाटून घ्यायचे, ही कल्पना सुरेख होती. पण एकेका चिपेची ताकद लवकरच अपुरी वाटू लागली. म्हणून १९९२ च्या परम ८६०० मध्ये इंटेलची आय-८६० ही बलवान चिप गणितासाठी घेतली गेली आणि ट्रान्सप्युटर निरोप पोचविण्याच्या कामाला ठेवले गेले. तुमच्या भाषेत सांगायचे तर जुन्या मदरबोर्डवर नवे ग्राफिक्स कार्ड बसविले. जुने पूर्ण टाकले नाही, त्याला झेपेल ते काम त्याला दिले.

ही सुधारणा फार काळ पुरणारी नव्हती. इनमॉसची पुढची चिप, टी-९०००, रखडत राहिली आणि अपेक्षेला उतरली नाही. ज्या कुळावर यंत्र उभारले त्या कुळाचाच वंश खुंटला. तुमच्या प्रोसेसरच्या सॉकेटसाठी कंपनीने नवे प्रोसेसर काढणे थांबविले की जे होते, तेच हे. दोष तुमच्या यंत्रात नसतो. त्याची वाट पुढे संपलेली असते.

सी-डॅकने यातून जो धडा घेतला तो मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. १९९४ चा परम ९००० रचताना त्यांनी आधी चिप निवडून मग यंत्र बांधले नाही. यंत्राची चौकटच अशी ठेवली की निरनिराळ्या कुळांतील प्रोसेसर तीत बसावेत. मूळ रचना सन कंपनीच्या सुपरस्पार्कवर. पुढे अल्ट्रास्पार्क आणि डेकची अल्फा चिप घेऊन तिची रूपे निघाली. चिप बदलली तरी यंत्राच्या भागांना एकमेकांशी बोलते ठेवणारी जोडणी आणि तीवर चालणारी आज्ञावली आपली राहावी, हा त्यामागचा विचार. परमनेट नावाची सी-डॅकची जोडणी पुढच्या परम यंत्रांत नव्या आवृत्त्या घेत चालत राहिली. फाटक आपल्या हाती ठेवण्याचा हा प्रयत्न होता.

आणखी एक टप्पा. २००८ मध्ये पुण्यात परम युवा उभा राहिला, ५४ टेराफ्लॉप क्षमतेचा. पाच वर्षांनी, फेब्रुवारी २०१३ मध्ये, परम युवा-२ सादर झाला: ५२४ टेराफ्लॉप, तीन महिन्यांत, १६ कोटी रुपयांत. क्षमता जवळजवळ दसपट झाली, आणि विजेचा खर्च मात्र सुमारे ३५ टक्क्यांनी उतरल्याचे संस्थेने सांगितले. येथेही मुख्य भर प्रोसेसरच्या जोडीला बसविलेल्या गणिती सहप्रोसेसरांवर होता. विजेचा हा आकडा लक्षात ठेवा. जुने यंत्र फुकटात चालते, हा आपला सार्वत्रिक भ्रम आहे. महिन्याच्या बिलात ते रोज थोडे थोडे विकत घेतले जात असते.

विजेचा विषय निघालाच आहे तर बाळापूर तालुक्यातल्या पारसचे औष्णिक विद्युत केंद्र डोळ्यांपुढे आणा. १९६० च्या दशकात तेथे दोन लहान संच बसले. दोन्ही मिळूनही शंभर मेगावॉट भरत नसत. पुढे त्यांची डागडुजी करीत बसण्याऐवजी २५० मेगावॉटचे दोन नवे संच उभारले गेले आणि ते २०१० पर्यंत चालू झाले. जुने संच बंद पडले. पण जागा, रेल्वेचा फाटा, पाण्याची सोय, वीज वाहून नेणाऱ्या तारा आणि काम जाणणारी माणसे ही सारी जुनीच पुण्याई. ‘नवे घेतले’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात जुने किती असते, हे पारसला दिसते.

आता घरगुती संगणकाच्या इतिहासात डोकावू. तो आपल्या टेबलाच्या अधिक जवळ आहे.

१९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीत दोन गोष्टी होत्या ज्यांनी पुढची चाळीस वर्षे घडविली. आत पाच मोकळे स्लॉट, आणि गणिताच्या सहप्रोसेसरसाठी एक रिकामे सॉकेट. ग्राहकाने झाकण उघडावे आणि काही बसवावे, हे बनविणाऱ्यानेच गृहीत धरले होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरची दुकाने, ‘असेंबल्ड’ हा आपल्याकडे रूढ झालेला शब्द, अकोल्याहून पार्ट आणून घरी यंत्र जुळविणारी पोरे, या सगळ्यांचे मूळ त्या रिकाम्या स्लॉटांत आहे.

१९९३ च्या डिसेंबरात ‘डूम’ आला. तो ३८६ आणि ४८६ यंत्रांवर चालला. १९९६ मध्ये त्याच चमूचा ‘क्वेक’ आला, आणि ४८६ वाल्यांची झोप उडाली. क्वेकला दशांशांचे गणित वेगाने करणारा पेंटियम हवा होता. इंटेलने ४८६ च्या सॉकेटात बसणारा ‘पेंटियम ओव्हरड्राइव्ह’ बाजारात आणला होताच. जुन्या घरात नवा पाहुणा! पण त्याला जुन्याच अरुंद वाटेने स्मृतीकडे ये-जा करावी लागे. पैसे बरेच, लाभ बेताचा. खऱ्या पेंटियमची सर त्याला आली नाही.

त्याच वर्षी दुसऱ्या बाजूने एक सुधारणा आली, ती मात्र विलक्षण यशस्वी ठरली: थ्रीडीएफएक्स कंपनीचे वूडू कार्ड. असलेले ग्राफिक्स कार्ड काढायचे नाही. वूडू शेजारी बसवायचे आणि एका केबलीने दोघांना जोडायचे. खेळांचे रूप रातोरात पालटले. अट एकच: मदरबोर्डवर पीसीआय स्लॉट हवा. ज्यांच्याकडे होता ते भाग्यवान. ज्यांचे यंत्र दोन वर्षे आधीचे, जुन्या स्लॉटांचे, त्यांच्यापुढे दार बंद. एकाच सालात एक सुधारणा फसली आणि एक साधली. फसली ती अरुंद वाटेवर बसविलेली होती. साधली तिला मोकळी वाट मिळाली.

आता टेबलाखालच्या त्या यंत्राकडे या साऱ्या उजेडात पाहू.

त्याचा सॉकेट एलजीए ११५०. त्यात बसणाऱ्या जोमदार प्रोसेसरांपैकी एक म्हणजे २०१४ चा आय-सेव्हन ४७९०के. या सॉकेटचा वंश फार पुढे चालला नाही. रॅम डीडीआर-थ्री, ती पुढच्या कोणत्याही यंत्रात जाणार नाही. म्हणून जुन्या बाजारातून आय-सेव्हन आणि जादा डीडीआर-थ्री घेणे म्हणजे टिफ्रॅकसाठी नळ्या विकत घेणे. अगदी किरकोळ किमतीत मिळाले तर घ्या, एरवी नको.

दुसरे, विंडोज. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. नाव नोंदविलेल्या घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षेच्या सुधारणा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० हवे आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर हवा. चौथ्या पिढीचे यंत्र अधिकृत यादीत नाही. यंत्र चालते आहे, वेगही कामापुरता आहे, तरी फाटक लागले. विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळायचा तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट आवश्यक. बॅटलफील्ड ६ लाही सिक्युअर बूट हवे. २०२५ चा ‘डूम : द डार्क एजेस’ रे ट्रेसिंगची सोय नसलेल्या ग्राफिक्स कार्डावर सुरूच होत नाही. ३८६ वर चाललेल्या ‘डूम’चाच हा वंशज. भाडेकरूला झाकण उघडू न देणारा १४०१ आठवतो ना?

तिसरे, ग्राफिक्स कार्ड. पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट जुना असला तरी नवे कार्ड त्यात बसते, आणि हे कार्ड पुढच्या यंत्रात नेता येते. म्हणून मित्राचा सल्ला निम्मा खरा आहे. उरलेला निम्मा असा: ७५० टीआय वेगळी वायर न जोडता चालत होते, बहुतेक नव्या कार्डांना स्वतंत्र वायर लागते, आणि कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस तो भार सोसत नाही. काही स्वस्त कार्डांना, उदाहरणार्थ आरएक्स ६५०० एक्सटीला, चारच मार्गिका असतात. जुन्या स्लॉटवर ते लंगडते. इंटेलच्या आर्क कार्डांना मदरबोर्डवर ‘रिसाइझेबल बार’ची सोय लागते, ती या यंत्रात मिळणार नाही. आणि सेकंडहँड कार्ड घेताना ध्यानात ठेवा की सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग थांबले तेव्हा अहोरात्र राबलेली असंख्य कार्डे बाजारात आली. ती अजून हात बदलत आहेत.

पण कार्डाआधी एक स्वस्त चौकशी करा. अकोला जिल्ह्याचा मे महिना ४५ अंशांपुढे जातो. अशा हवेत दहा वर्षांची धूळ आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट यांमुळे यंत्र स्वतःचा वेग आपणहून उतरवते. झाकण उघडून, वीज तोडून, धूळ काढून, पेस्ट नव्याने लावून पाहा. मग खेळ चालू ठेवून प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांपैकी कोण शंभर टक्क्यांवर टेकला आहे ते टास्क मॅनेजरमध्ये पाहा. दुखणे कोणत्या अवयवात आहे हे न कळता औषध घेणारे पुष्कळ भेटतात.

माझा कौल सांगतो. चौथ्या पिढीचे यंत्र असेल, तर त्यावर खर्च करा तो पुढे नेता येईल अशाच वस्तूंवर: एक साटा एसएसडी आणि हवा असल्यास चांगला एसएमपीएस. फिरत्या तबकडीवरून एसएसडीवर आलेले यंत्र उघडझाकीत तरी नवे वाटते, आणि जुने खेळ खेळण्यास ते अजून पुरेसे आहे. मोठी रक्कम मात्र साठवा आणि प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम हे त्रिकूट एकदमच बदला. कॅबिनेट, मॉनिटर, एसएसडी, एसएमपीएस पुढे चालतील; पारसच्या रेल्वेफाट्यासारखे.

उलट तुमचे यंत्र २०१७ च्या सुमाराचे, एएमडीच्या एएम-फोर सॉकेटचे असेल, तर दुकानदाराचे मुळीच ऐकू नका. पहिल्या पिढीच्या रायझनसाठी निघालेल्या बहुतेक मदरबोर्डांना पुढे ५००० मालिकेचे प्रोसेसर चालविणारे बायोस मिळाले. जुना प्रोसेसर आत असतानाच बायोस अद्ययावत करायचे, वीज जाणार नाही अशी वेळ आणि यूपीएस बघून. मग नवा बसवायचा. एका सॉकेटने इतकी वर्षे साथ द्यावी, असे या क्षेत्रात क्वचित घडते. रॅम डीडीआर-फोर, तीच राहते. २०२५ च्या उत्तरार्धापासून एआय केंद्रांच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले आहेत, हे पाहता ही बचत लहान नाही. नव्या एएम-फाइव्हला डीडीआर-फाइव्हच लागते.

बदललेल्या यंत्राचे काय? त्यावर लिनक्स टाकून ते धाकट्या भावंडाला अभ्यासासाठी देता येते. ते नको असेल तर हार्ड डिस्क आधी पूर्ण पुसा. नुसते डिलीट केलेले फोटो परत काढता येतात. आणि भंगारात देताना तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्याकडे देऊ नका. अधिकृत ई-कचरा केंद्राचा पत्ता काढा. पंख्याचे चार स्क्रू तेवढे काढून ठेवा, नव्या कॅबिनेटला नेमके तेच कमी पडतात.